गुळाचा खडा

आमच्या घरी गूळ दोन वाटांनी यायचा. गुऱ्हाळं सुरू झाली की मामा ढेप घेऊन यायचा, ती वर्षभराची. दुसरा यायचा आबांच्या खिशातून, वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेला, फार तर लिंबाएवढा खडा. आबा फाउंड्रीत फेटलिंगला होते. पाळी सुटताना मुकादम एकेकाच्या हातावर गूळ ठेवायचा. ‘‘खावा, धूळ उतरती.’’ आबा त्यातला निम्मा तिथंच तोंडात टाकायचे आणि निम्मा आम्हा दोघी बहिणींसाठी राखायचे. त्याला काळी कच चिकटलेली असायची. आई विळीवर वरचा पापुद्रा तासून काढायची आणि आतला पिवळा गूळ आमच्या हातावर ठेवायची.

मुकादम वाईट माणूस नव्हता. तोही तोच गूळ खायचा, आणि मनापासून त्याच्यावर विश्वास ठेवायचा. घशात अडकलेली धूळ गुळानं खाली जाते, एवढं खरं आहे; गिळलेलं सगळं पोटातच जातं. पण जी धूळ माणसाचा जीव घेते, ती घशात थांबतच नाही. हे मला कळलं तेव्हा आबांच्या छातीचा तिसरा एक्स-रे निघाला होता.

कोल्हापूर माझ्या आठवणीत आहे ते जळक्या वाळूच्या वासासकट. आमच्या घरापासून उद्यमनगर पायी दहा मिनिटांवर. उसाचे चरक, ऑइल इंजिनं, पंप, पुढं गाड्यांचे सुटे भाग, असा ओतकामाचा धंदा इथं वाढत गेला आणि उद्यमनगरात मावेना तेव्हा शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडे सरकला. आबा 1978 साली उद्यमनगरात लागले आणि 2004 साली शिरोलीतून सुटले. मधली थोडी वर्षं सोडली तर सगळी उमर फेटलिंगला.

फेटलिंग म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. साच्यासाठी जी वाळू वापरतात ती म्हणजे बारीक झालेली गारगोटीच, सिलिका. तिच्यात बेंटोनाइटची माती, कोळशाची पूड आणि पाणी कालवून ती पेटीत ठासतात. त्या साच्यात 1400 अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस ओततात. निवल्यावर साचा फोडतात, त्याला नॉकआउट म्हणतात. आतून जो जॉब निघतो त्याच्या अंगाला वाळू भाजून चिकटलेली असते, कडांना पातळ पाती सुटलेल्या असतात, वर रायझरचे, म्हणजे जादा रस थिजून राहिलेले, ठोंब असतात. हे सगळं छिन्नी-हातोड्यानं तोडून आणि ग्राइंडरनं घासून जॉब साफ करायचा, हे फेटलिंग. पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रीला मान असतो, रस ओतणाऱ्याला असतो. फेटलिंगला माणूस ठेकेदाराचा असतो आणि त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

आबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या पापण्यांवर धूळ असायची. नाकपुड्या काळ्या. नाकातोंडाला गुंडाळलेला पंचा आई वेगळा भिजवायची. त्याचं पाणी तिसऱ्यांदा बदललं तरी शाईसारखंच निघायचं. तरी ते बऱ्यापैकी स्वच्छ होऊन यायचे म्हणायचं, कारण पाळी सुटली की सगळे एकमेकांच्या अंगावर कॉम्प्रेसरची हवा मारून कपडे झटकत. लहानपणी मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा ते पाहिलं. माणसं हसत होती, एकमेकांच्या पाठीवर नळी रोखत होती, आणि दारातून तिरप्या आलेल्या उन्हात धूळ अशी उठली होती की त्यात आबा कुठले ते मला ओळखू येईना. मला तो खेळ वाटला होता. आज तो प्रसंग डोळ्यापुढं आला की मी ताडकन उठून बसते.

काम सोडून दोन वर्षं झाली होती, 2006 साली खोकला सुरू झाला. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरलेलं. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, क्षय निघाला. तेव्हा औषधं पेटीतून मिळत. पहिल्यांदा क्षय झालेल्याला लाल पेटी, आठवड्यातून तीन दिवस गोळ्या, सहा महिने. लघवी तांबडी व्हायची, आबा घाबरायचे, तिथल्या ताई समजावून सांगायच्या. आबांनी एक खुराक चुकवला नाही. पावसात, पंचगंगेला पूर आलेला असताना, छत्री घेऊन चालत गेले.

दवाखान्यापेक्षा गल्लीनं जास्त छळलं. त्यांचं ताट-तांब्या वेगळं झालं, ते आबांनी स्वतःच वेगळं काढलं, आम्हाला काही बोलू न देता. ‘दारू पीत असतील’ असं एक बाई आईच्या तोंडावर म्हणाली. आबा माळकरी होते. तंबाखू खायचे, तेवढं एक व्यसन. बहिणीला बघायला पाहुणे येणार होते त्या दिवशी आबा आत्याकडे जाऊन बसले. अशा गोष्टी मी अजून कुणाला सांगितलेल्या नव्हत्या.

2011 साली क्षय परत आला. या वेळी निळी पेटी. आठ महिने, आणि पहिले दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, एकूण चोवीस. दवाखान्यातल्या कागदावर प्रश्न तेच होते. दारू? तंबाखू? शुगर? घरात कुणाला होतं का? मागच्या वेळी गोळ्या मधेच सोडल्या होत्या का? या शेवटच्या प्रश्नावर आबा दुखावले. परत आजारी पडलेल्या माणसाकडे ‘औषध बुडवलं असणार’ अशा नजरेनं बघतात, ती नजर त्यांना सहन होईना. हे प्रश्न चुकीचे नाहीत. मधुमेहानं क्षयाचा धोका वाढतो, बिडी-सिगारेटनं वाढतो, उपासमारीनं वाढतो. पण ज्या माणसाची 26 वर्षं धुळीत गेली, त्याला पाच वर्षांत एकानंही धुळीबद्दल विचारलं नव्हतं.

इंजेक्शनं संपली तरी दम कमी होईना, म्हणून आम्ही त्यांना छातीच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. वयानं माझ्याएवढ्या. त्यांनी एक्स-रे लावला, बराच वेळ बघितला आणि खुर्ची आबांकडे वळवली.

‘‘काका, काम काय करत होता तुम्ही?’’

‘‘फाउंड्रीत.’’

‘‘फाउंड्रीत म्हणजे नेमकं काय?’’

‘‘फेटलिंगला.’’

‘‘ते कसं असतं? मला माहिती नाही, सांगा की.’’

आबा आधी माझ्याकडे बघायला लागले. मग सांगायला लागले. बसून सांगता येईना म्हणून उभे राहिले. ग्राइंडर असा धरायचा, खांद्यानं न्हाई, कमरेनं जोर द्यायचा. जॉबच्या अंगावरनं नुसती बोटं फिरवली की कळतंय, कुठं उचललंय. चाळीस किलोचं फ्लायव्हील एकट्यानं उलटं करायचं तर पाय कुठं ठेवायचा. नवीन पोरं चाक दाबून धरतात, मग चाक फुटतंय. चाकाला आपलं काम आपण करू द्यायचं. मधेच धाप लागली की थांबायचे आणि हातानंच पुढचं दाखवायचे. पंधरा-वीस मिनिटं. बाहेर पेशंट ताटकळत होते, पण डॉक्टरबाईंनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. आबांना त्यांच्या कामाबद्दल असं कुणी कधी विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

‘‘आणि धूळ?’’ त्यांनी विचारलं.

‘‘धूळ तर असतीच की,’’ आबा म्हणाले आणि खाली बसले.

त्यांनी 2006 चा जुना एक्स-रे मागितला. तो आमच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली होता. मी रिक्षा करून घेऊन आले. दोन्ही फिल्म शेजारी लावून त्यांनी मला दाखवलं. वरच्या भागात दोन्हीकडं राईच्या दाण्यांसारखे ठिपके, आणि फुप्फुसाच्या मुळाशी गाठी, त्यांच्या कडांवर चुन्याची पातळ रेघ, अंड्याच्या टरफलासारखी. पाच वर्षांपूर्वीच्या फिल्मवरही ते सगळं होतं. क्षय होता, थुंकीत जंतू सापडले होते, त्यात शंका नाही. पण क्षयाच्या खाली सिलिकोसिस होता, म्हणजे सिलिकाच्या धुळीनं फुप्फुसाला होणारा आजार, आणि तो आधीचा होता.

डॉक्टरांनी विचारलेला तो प्रश्न तीनशे वर्षांहून जुना आहे, हे मी नंतर वाचलं. इटलीतल्या मोदेना शहरात बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्यानं 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ छापला. रोग्याला काय काय विचारावं याची हिप्पोक्रेटिसपासून चालत आलेली यादी होती. रामाझ्झिनीनं सांगितलं की त्यात आणखी एका प्रश्नाची भर घाला, तुझा धंदा काय? दगड फोडणाऱ्यांच्या छातीबद्दलही त्यानं त्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे.

धूळ आणि जंतू यांचा संबंध मला समजला तो असा. साच्यातल्या वाळूचा अख्खा कण डोळ्याला दिसतो. तो नाकात, घशात अडकतो, शिंकेबरोबर बाहेर पडतो. ग्राइंडरखाली तोच कण फुटतो आणि फुटत फुटत 5 मायक्रॉनहून बारीक होतो. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. एवढा बारीक कण श्वासाबरोबर थेट फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतो, आणि नुकता फुटलेला कण जुन्या कणापेक्षा जास्त जाच करतो. तिथं राखणीला भक्षक पेशी असतात. बाहेरचं जे येईल ते गिळायचं आणि पचवायचं, हे त्यांचं काम. पण गारगोटी पचत नाही. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी तो गिळते, तीही मरते. मेलेल्या पेशींतून जे काही सांडतं त्यानं आजूबाजूला व्रण धरतात, फुप्फुस चिवट होत जातं. आणि क्षयाच्या जंतूला वर्षानुवर्षं कोंडून ठेवणाऱ्याही याच पेशी. जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या माणसांच्या शरीरात तो जंतू निपचित पडलेला आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मभर क्षय होत नाही, कारण राखण शाबूत असते. आबांची राखण गारगोटी गिळून गिळून संपली होती.

सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोका निदान तिपटीनं वाढतो. काही ठिकाणच्या अभ्यासांत तो कितीतरी जास्त निघाला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतल्या कामगारांवरून दिसलं की एक्स-रेवर सिलिकोसिस दिसत नसतानाही नुसत्या धुळीनं हा धोका वाढतो, आणि खाण सोडल्यावरही तो मागं लागलेला राहतो. आबांनी काम सोडलं 2004 ला आणि खोकला सुरू झाला 2006 ला, त्यामुळं ‘आता कुठं धूळ आहे’ असं आम्हालाही वाटलं होतं. धूळ छातीत होती.

आणखी एक गोष्ट मला झोपू देत नाही. सिलिकोसिसवर क्षय झालेल्यांना औषध किती महिने द्यावं, याचा अभ्यास हाँगकाँगमध्ये झाला होता, त्यात मद्रासचं क्षयरोग संशोधन केंद्रही सामील होतं. 1991 साली तो छापून आला. सहा महिने औषध घेतलेल्यांपैकी 22 टक्क्यांना तीन वर्षांत क्षय उलटला. आठ महिने घेतलेल्यांत ते प्रमाण 7 टक्के होतं. म्हणजे 2006 साली त्या कागदावर एक ओळ जास्त असती, कामाची, तर लाल पेटीनंतर आणखी दोन महिने गोळ्या चालू ठेवायचा विचार तरी कुणाच्या मनात आला असता. आबांनी औषध बुडवलं नव्हतं. औषधाची मुदत त्यांच्या छातीला पुरेशी नव्हती.

माझी बहीण नर्स आहे, आणि तिच्याशी बोलताना एक फरक माझ्या ध्यानात आला. तिच्या कामात जंतूच समोरून येतो. वॉर्डात खोकणारा रोगी आहे, दोन खाटांत हातभर अंतर आहे, खिडकी बंद आहे. तिथला धोका कुणालाही समजतो, कोरोनानं तर तो सगळ्या जगाला समजला. आबांच्या कामात जंतू नव्हताच. तिथं जंतूसाठी दार उघडं होत होतं, रोज थोडं थोडं, आणि जंतू मग कुठूनही आला असता, बसमधून, लग्नाच्या मांडवातून. म्हणूनच कारखान्याकडं कुणी बोट दाखवत नाही.

वेल्डिंगचंही असंच. ढेप आणणारा माझा मामा उसाच्या ट्रॉल्या वेल्डिंग करून बांधतो. 2015 च्या जानेवारीत, ऐन हंगामात, 43 व्या वर्षी त्याला न्यूमोनिया झाला, नऊ दिवस ऑक्सिजनवर होता. तगडा माणूस, सुपारीचंही व्यसन नाही. इंग्लंड-वेल्समधल्या मृत्यूंच्या नोंदींत फार पूर्वीपासून दिसत आलं आहे की काम करत्या वयातले वेल्डर न्यूमोनियानं इतरांपेक्षा जास्त मरतात. धातूच्या धुरानं श्वासनलिकेच्या अस्तरावर न्यूमोनियाच्या जंतूला पकड मिळते, आणि त्या धुरातलं लोह जंतूला पोसतं. वेल्डरांना न्यूमोनियाची लस द्यावी, अशी शिफारस ब्रिटनमध्ये आहे. मामाच्या शेडमध्ये त्यावर उपाय म्हणजे दूध. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं काम केलं की रात्री हुडहुडी भरून ताप येतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो, हे प्रत्येक वेल्डरला ठाऊक असतं. त्यासाठी ते दूध पितात, जसे आबा गूळ खायचे. वेल्डिंगच्या बाबतीत एक दिलासा आहे. त्याच नोंदी सांगतात की निवृत्तीनंतर वेल्डरांचा हा जास्तीचा धोका दिसेनासा होतो. मामाला मी ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘मग अजून सतरा वरसं काढायची म्हण की.’’ लस त्यानं घेतली. धूर ओढून घेणारा पंखा अजून बसवलेला नाही, आणि त्यावरून मी दर दिवाळीला त्याच्याशी भांडते.

गारगोटी मात्र निवृत्त होत नाही. आबा 2014 च्या फेब्रुवारीत गेले. शेवटचे चार महिने उशांना टेकून बसूनच झोपायचे. दाखल्यावर क्षयाची नोंद झाली, धुळीची झाली नाही.

त्यानंतर कामगारांसाठी झटणारे एक गृहस्थ भेटले, त्यांनी मला कायदा वाचून दाखवला. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायामुळं होणाऱ्या आजारांची यादी होती, आणि त्यात सिलिको-ट्युबरक्युलोसिस, म्हणजे सिलिकोसिसवर झालेला क्षय, हे नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याच सालच्या कारखाना कायद्यात सिलिकोसिस हा कळवण्याजोगा आजार होता. कारखान्यातल्या माणसाला तो झालेला दिसला तर डॉक्टरनं मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवायचं, असं कलमच होतं. आबांच्या आजाराला कायद्यात जागा होती. फक्त आबा कायद्यात नव्हते. तीन ठेकेदार बदलले, पगार पाकिटातून रोख. हजेरीकार्ड नाही, पगारचिठ्ठी नाही, ईएसआयचा नंबर नाही. ज्या कारखान्यात ते शेवटी होते तिथल्या ऑफिसात मी गेले. असा माणूस आमच्या रजिस्टरला नाही, असं त्यांनी मला खुर्ची देऊन, नीट बोलून सांगितलं.

हे बदलता येतं, आणि ठिकठिकाणी बदललं आहे. राजस्थाननं 2019 साली न्यूमोकोनिओसिसचं, म्हणजे धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारांचं, धोरण आणलं. त्यात आजार प्रमाणित झाला की 3 लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला 2 लाख अशी तरतूद झाली. त्याच वर्षी जोहान्सबर्गच्या न्यायालयानं सोन्याच्या खाणींच्या खटल्यात 5 अब्ज रँडची तडजोड मंजूर केली, आणि त्यात सिलिकोसिसबरोबर खाणकामगारांना झालेला क्षयही भरपाईला पात्र धरला. हा निकाल वाचताना मी रडले. क्षय हा त्या माणसाच्या कामाचा भाग होता, हे कुणीतरी कोर्टात मान्य केलं होतं.

पैशाच्या आधी मात्र मला धूळ थांबलेली हवी आहे. ती थांबवायला फार मोठं शास्त्र लागत नाही. ब्रिटननं 1949 च्या नियमांनी ओतीव जॉब साफ करायच्या ब्लास्टिंगमधून, म्हणजे हवेच्या जोरानं मारा करायच्या कामातून, वाळू हद्दपार केली; तिच्याऐवजी लोखंडाचे छर्रे वापरता येतात. ग्राइंडरच्या तोंडाशीच धूळ ओढून घेणारी नळी बसवता येते. पंच्याऐवजी नीट बसणारा मास्क देता येतो, पण तो शेवटचा उपाय, कारण भट्टीशेजारी आठ तास मास्क लावून काम करणं म्हणजे काय, ते बोलणाऱ्यांनी एकदा करून बघावं. कोरडा झाडू मारायचा नाही. अंगावर हवा मारायची नाही. आणि जमिनीवर पाणी मारायचं, की खाली बसलेली धूळ परत उडत नाही.

त्या गृहस्थांनी मला विचारलं होतं, तुमचे वडील तिथं कामाला होते याचा काहीही पुरावा आहे का, कसलाही. मी ट्रंक उपसली. एक्स-रेच्या पाकिटात एक फोटो सापडला, खंडेनवमीचा. फाउंड्रीत खंडेनवमीला सगळी हत्यारं, मशिनं पुजतात. त्या दिवशी भट्टी बंद असते. आबा ग्राइंडरच्या शेजारी उभे आहेत, पांढरा सदरा, कपाळाला गंध. ग्राइंडरला झेंडूची माळ घातली आहे, समोर नारळ फोडलेला, पानावर पेढे आहेत आणि गूळ आहे. मागं भिंतीवर कारखान्याच्या पाटीची शेवटची दोनच अक्षरं आली आहेत, तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, असं ते म्हणाले.

मी तो फोटो पुष्कळदा बघते. हवा इतकी स्वच्छ आहे की मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं. पूजेसाठी सगळ्या शेडमध्ये पाणी मारलेलं होतं. रबरी नळी खांबाला गुंडाळून ठेवलेली दिसते, आणि आबांच्या पायाखालची जमीन ओली आहे.